उशीर झाला, असं न मानणाऱ्या कमलाबाई

बारावीनंतर एक वर्ष गॅप पडली तरी आपल्याकडे घरात बैठक बसते. पंचविशीपर्यंत नोकरी नाही लागली की लग्नाकार्यात भेटणारे काका-मामा चौकशी सुरू करतात. आणि तिशीनंतर कुणी लाइन बदलतो म्हणालं, तर त्याला वेड्यातच काढतात. प्रत्येक गोष्टीचं एक वय असतं आणि ते निघून गेलं की संपलं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय.

म्हणूनच आज एका बाईंची गोष्ट. जन्म अमेरिकेतला, सासर निंबकरांचं. चाळिशी उलटून गेल्यावर त्या पुन्हा विद्यार्थिनी म्हणून वर्गात बसल्या. आणि पन्नाशीत त्यांनी मुंबईत असं एक विद्यालय उभं केलं, जे त्याआधी भारतातच काय, अख्ख्या आशिया खंडात नव्हतं. त्यांचं नाव कमला विष्णू निंबकर.

आपल्या शिरूर-दौंडच्या वाचकांपैकी काहींनी हे नाव एखाद्या पाटीवर वाचलंही असेल. दौंडवरून बारामतीला जायचं, पुढे नीरा ओलांडली की फलटण. तिथं कमला निंबकर बालभवन नावाची मराठी माध्यमाची शाळा आहे. पण ज्यांच्या नावानं ती शाळा उभी आहे त्या कोण होत्या, हे विचारलं तर बरेच जण अडखळतील.

न्यू जर्सीची एलिझाबेथ

सन १९००. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या न्यू जर्सी राज्यात, लंडी आडनावाच्या एका क्वेकर कुटुंबात एलिझाबेथचा जन्म झाला. क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातला एक छोटा पंथ. त्यांच्या प्रार्थनेत घंटा नाही, मोठा थाट नाही. सगळे एकत्र शांत बसतात. माणूस माणूस सारखा, ही त्यांची मुख्य शिकवण. म्हणूनच अमेरिकेत गुलामगिरीविरुद्ध बोलायला जे सगळ्यात आधी उभे राहिले, त्यांच्यात क्वेकर होते. युद्धात बंदूक धरायची नाही, पण युद्धात होरपळलेल्यांना मदत करायला मात्र जायचं, असा त्यांचा शिरस्ता.

अशा घरात वाढलेली मुलगी शिकली आणि विष्णू निंबकर या मराठी तरुणाशी तिची जोडी जमली. १९३० मध्ये लग्न झालं. एलिझाबेथनं हिंदू धर्म स्वीकारला, नाव घेतलं कमला, आणि इथलीच होऊन राहिली.

ते वर्ष नीट लक्षात घ्या. १९३० म्हणजे दांडीयात्रेचं वर्ष. गावोगाव मिठाचा सत्याग्रह पेटलेला. परक्या देशातून आलेल्या गोऱ्या बाईकडे लोक कुठल्या नजरेनं बघत असतील, याचा अंदाज आपण करू शकतो. पण कमलाबाई इथं पाहुणी म्हणून आल्याच नव्हत्या. संसार इथं झाला. १९३१ मध्ये मुलगा झाला, बनबिहारी. हेच पुढे फलटणला शेतीत आणि शेळ्या-मेंढ्यांच्या संशोधनात मोठं काम करणारे बॉन निंबकर. त्यांच्या पत्नी लेखिका जाई निंबकर, म्हणजे इरावती कर्वे यांची मुलगी.

एवढ्यावर ही गोष्ट संपली असती, तरी कुणी नावं ठेवली नसती. चाळिशीची बाई, घर, मुलगा, मुंबईतलं बऱ्यापैकी स्थिर आयुष्य. आणखी काय हवं?

पुन्हा वर्गात

इथं थोडं अमेरिकेकडे वळावं लागेल, कारण कमलाबाईंनी जी विद्या उचलली ती तिथं नुकतीच रुजत होती.

ऑक्युपेशनल थेरपी. मराठीत व्यवसायोपचार. बोलताना सगळे ओटी म्हणतात आणि तिथंच घोळ होतो. दवाखान्यात ओटी म्हटलं की आपल्याला ऑपरेशन थिएटर आठवतं. व्यवसाय म्हटलं की धंदा आठवतो. इथला ऑक्युपेशन म्हणजे माणूस दिवसभर ज्यात गुंतलेला असतो ते सगळं. दात घासणं, शर्टाची बटणं लावणं, भाकरी थापणं, शाळेत लिहिणं, कामावर जाणं, मित्रांबरोबर कट्ट्यावर बसणं. आजारानं, अपघातानं किंवा जन्मापासूनच्या अडचणीमुळे यातलं जे सुटलंय, ते परत हाती यावं म्हणून करायचा उपचार म्हणजे ओटी. आणि औषध कुठलं? तर कामच. काम हे उपचाराचं साधनही आणि उद्दिष्टही.

१९१७ मध्ये अमेरिकेत या लोकांची पहिली राष्ट्रीय संघटना झाली. पहिलं महायुद्ध सुरूच होतं. हात-पाय गमावलेले, मनानं खचलेले सैनिक घरी येत होते. त्यांना नुसतं खाटेवर पडून ठेवलं तर ते आणखी खचतात, पण हातमाग, सुतारकाम, विणकाम असं काही दिलं तर बोटं हलतात, दंडात बळ येतं आणि डोकंही ताळ्यावर येतं, हे दिसायला लागलं. फिलाडेल्फियात १९१८ मध्ये या विषयाची शाळा निघाली. दुसऱ्या महायुद्धानंतर तर या लोकांची गरज कितीतरी वाढली.

त्याच फिलाडेल्फियाच्या शाळेत, चाळिशी ओलांडलेल्या कमलाबाईंनी प्रवेश घेतला. बाजूच्या बाकावरच्या मुली त्यांच्या मुलींच्या वयाच्या. अभ्यासात शरीररचना, स्नायू, मज्जासंस्था, मानसशास्त्र आणि वर हातकाम. वयाचा विचार करत बसल्या असत्या, तर भारताला ही विद्या मिळायला आणखी कितीतरी वर्षं लागली असती.

परळचं नवं खातं

शिकून त्या परतल्या त्या स्वतंत्र भारतात. १९५० साली, ज्या वर्षी आपली राज्यघटना लागू झाली त्याच वर्षी, मुंबईत परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये ऑक्युपेशनल थेरपीचं विद्यालय सुरू झालं. भारतातलं पहिलं आणि आशियातलंही पहिलं.

जागा कुठली मिळाली बघा. परळ म्हणजे त्या काळातली गिरणगावची मुंबई. केईएम हे कामगारांचं, गोरगरिबांचं हॉस्पिटल. कुणाची बोटं यंत्रात गेलेली, कुणाला पक्षाघात झालेला. पोलिओची लस तेव्हा जगात कुठंच नव्हती, त्यामुळे पाय लुळे पडलेली लेकरं घरोघर दिसायची. मुंबईत फातेमा इस्माइल यांनी अशा मुलांसाठी १९४७ मध्ये संस्था काढली होती. म्हणजे गरज डोळ्यांसमोर होती, पण ती भागवणारी प्रशिक्षित माणसं देशात नव्हती. डॉक्टर जीव वाचवायचे. पुढचं आयुष्य त्या माणसानं कसं काढायचं, हे विचारणारं खातंच नव्हतं.

कमलाबाईंनी नुसतं रुग्ण तपासणारं केंद्र काढलं असतं तर ते त्यांच्या हयातीपुरतं चाललं असतं. त्यांनी शिकवणारी जागा काढली, हा खरा दूरचा विचार. एका माणसानं शंभर रुग्ण बघण्यापेक्षा शंभर माणसं तयार करायची. १९५८ मध्ये नागपुरातही असंच दुसरं विद्यालय उभं राहिलं, त्यामागेही त्याच होत्या. म्हणजे भारतातल्या या विद्येची पहिली दोन्ही घरं महाराष्ट्रातली.

१९५२ मध्ये ऑल इंडिया ऑक्युपेशनल थेरपिस्ट्स असोसिएशन स्थापन झाली. संस्थापक अध्यक्षा कमलाबाई. त्याच वर्षी या व्यवसायाचा जागतिक महासंघ तयार झाला. तो उभारणारे देश होते दहा, आणि त्यात भारताचं नाव होतं. जरा कल्पना करा. देश पाच वर्षांचा, अख्ख्या देशात या विषयाचं एकच विद्यालय, तेही दोन वर्षांचं. तरी अमेरिका, इंग्लंड, कॅनडा यांच्या मांडीला मांडी लावून आपण बसलो होतो. १९५५ मध्ये विषयाचं स्वतःचं नियतकालिकही निघालं. कुठलंही नवं शास्त्र टिकवायचं तर शाळा, संघटना आणि लिखाण असं तिन्ही लागतं. पाच वर्षांत हे तिन्ही उभं होतं.

पुढची वर्षं त्यांनी पुनर्वसनाच्या कामातच घालवली. भारतातल्या पुनर्वसनाचा आणि व्यवसायोपचाराचा इतिहासही त्यांनी इंग्रजीत लिहून ठेवला. १९७९ मध्ये त्या गेल्या.

दुसरी एक विद्यार्थिनी

कमलाबाई फिलाडेल्फियात शिकल्या, साधारण त्याच काळात अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात, एक तरुणी हीच विद्या शिकत होती. वयानं कमलाबाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान. नाव ॲना जीन एअर्स. शेतकऱ्याची मुलगी, घरची अक्रोडाची बाग. लहानपणी तिला स्वतःलाच शिकताना त्रास व्हायचा, असं तिच्याबद्दल सांगितलं जातं. १९४५ मध्ये तिनं ओटीची पदवी घेतली, नंतर मेंदूचा अभ्यास केला आणि एक साधा प्रश्न धरून बसली. एखादं मूल हुशार आहे, डोळे-कान ठीक आहेत, तरी त्याला पेन धरता येत नाही, वर्गात बसता येत नाही, कुणी हात लावला की ते किंचाळतं. असं का?

तिचं उत्तर असं. ज्ञानेंद्रियं पाच आहेत हे आपण शाळेत शिकतो, पण शरीराची बातमी मेंदूला देणारे आणखी मार्ग आहेत. आपण सरळ उभे आहोत की कलंडतोय, हे कानाच्या आतला भाग सांगतो. आपला हात कुठं आहे, किती जोर लावलाय, हे स्नायू आणि सांधे सांगतात. म्हणूनच अंधारातही घास बरोबर तोंडात जातो. या सगळ्या बातम्या मेंदूत येतात, त्यांची जुळणी होते आणि मग माणूस योग्य ती हालचाल करतो. जुळणी नीट झाली नाही तर दिवसभराचं साधं जगणंही दमवणारं होतं. या जुळणीला तिनं नाव दिलं सेन्सरी इंटिग्रेशन. १९७२ मध्ये तिचं पहिलं मोठं पुस्तक आलं. पालकांना समजेल असं दुसरं पुस्तक आलं १९७९ मध्ये, म्हणजे कमलाबाई गेल्या त्याच वर्षी. एअर्सबाई १९८८ मध्ये गेल्या.

आज पुण्या-मुंबईच्या थेरपी सेंटरमध्ये छताला टांगलेले झोके, मोठे बॉल, उशांचे ढीग, चढायच्या शिड्या दिसतात, ते या विचारातून आलेत. बघणाऱ्याला वाटतं, नुसता खेळ चाललाय. पण थेरपिस्ट त्या मुलाला जमेल, तरी थोडा जोर लावावा लागेल, असंच काम पुढे ठेवत असतो. या थेरपिस्टची पदवी कुठली? तर ओटी. म्हणजे एअर्सबाईंचा विचार आपल्याकडे ज्या दारातून आत आला, ते दार परळला कमलाबाईंनी उघडून ठेवलेलं होतं.

अठरा पूर्ण झाल्यावर काय?

आता आपल्या भागात येऊ.

समजा, कोरेगाव भीमाच्या बाजूला राहणारा वीस वर्षांचा एक मुलगा आहे. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला. घर हायवेला लागून. पुणे-नगर रस्त्यावर रात्रंदिवस कंटेनर धावतात, एअर हॉर्न वाजतात. आपल्याला त्याची सवय झालीय. त्याच्या मेंदूला होत नाही. प्रत्येक हॉर्न पहिल्यांदाच वाजल्यासारखा आत घुसतो. तो कान झाकतो, येरझाऱ्या घालतो, कधी स्वतःचाच हात चावतो. शेजारी म्हणतात, पोरगं रागीट आहे. खरं तर ते रागावलेलं नसतं, त्याला ते सहन होत नसतं.

हे काही कुणाच्या मनाचे खेळ नाहीत. २०१३ मध्ये जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी निदानपुस्तिकेची नवी आवृत्ती आली, त्यात आवाज, स्पर्श, प्रकाश यांचा अतिशय जास्त किंवा अगदीच कमी परिणाम होणं हे ऑटिझमच्या लक्षणांमध्ये धरलं गेलं.

मग या मुलाला मदत कुठली? सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी होते ती जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षण दिलंय, तेही सहा ते अठरा वर्षांचं. दोन्ही गोष्टी चांगल्याच. पण अठरावं संपलं की शाळा सुटते, शाळेबरोबर येणारी थेरपी सुटते, मित्र सुटतात. बरोबरीची पोरं सणसवाडी, शिकरापूर, रांजणगावला कंपनीत लागतात आणि हा घरात. आई-वडील चाळिशी-पन्नाशीत आलेले. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, की जे करायचं ते लहानपणीच करायला हवं होतं, आता उशीर झाला.

कमलाबाईंच्या विद्येला हे वाक्य मान्य नाही. त्या विद्येची सुरुवातच मोठ्या माणसांपासून झाली. युद्धातून आलेले सैनिक काही चार वर्षांचे नव्हते. गिरणीत बोटं गेलेला कामगार चाळिशीचा होता. त्यांना कुणी सांगितलं नाही की तुमचं शिकायचं वय गेलं. एअर्सबाईंनीसुद्धा आपल्या तरुण भाच्याला, ज्याला अशाच अडचणी होत्या, समजावणारी पत्रं लिहिली होती. त्यांच्या मृत्यूनंतर २००४ मध्ये त्या पत्रांचं पुस्तक झालं.

मोठ्या वयात बदलतं ते उद्दिष्ट. चार वर्षांच्या मुलाला झोक्यावर बसवून मेंदूची जुळणी सुधारायची, हा एक भाग. वीस वर्षांच्या मुलाबाबत पहिला प्रश्न असा, की याला दिवसभरात काय करायचंय आणि आड काय येतंय? म्हणजे परत कमलाबाईंच्याच मुद्द्यावर. काम आधी, झोका नंतर.

घरातलं, गावातलं

हे प्रत्यक्षात कसं दिसतं? काही गोष्टी अगदी आपल्या घरातल्याच आहेत.

ज्यांचं शरीर सतत हालचाल मागतं, त्यांना जड काम बऱ्याचदा शांत करतं. स्नायू आणि सांध्यांवर जोर आला की मेंदूला शरीराचा नीट अंदाज येतो. पाण्याची कळशी आणणं, कणीक मळणं, गोठ्यातलं शेण भरणं, शेतात पाटी उचलणं, गाद्या घडी घालून ठेवणं. शहरातला थेरपिस्ट यासाठी वजनाच्या पिशव्या विकत आणतो. आपल्या घरात ते काम पडलेलंच असतं, फक्त त्या मुलाला जमणार नाही म्हणून आपण ते त्याच्याकडून काढून घेतलेलं असतं. बैठं काम करायच्या आधी वीस मिनिटं असं काम झालं, तर बसणं सोपं जातं का, हे बघता येतं.

आवाज सहन न होणाऱ्याला कान झाकणारे हेडफोन. कंपनीतले कामगार मशिनजवळ घालतात तसले. कपड्याच्या लेबलानं मान खाजते म्हणून रोज सकाळी भांडण होत असेल, तर लेबल कापून टाकायचं, प्रश्न मिटला. डाळभात एकत्र कालवलेला नको, वेगवेगळा हवा असेल, तर तसा वाढायचा. पोरगं हट्टी नसतं. त्याच्या जिभेला ते मिश्रण खरंच नको असतं.

कामाच्या जागी? दारासमोरची खुर्ची न देता कोपऱ्यातली, पाठीमागे भिंत असलेली जागा. लुकलुकणारी ट्यूब बदलून घेणं. कामाचे टप्पे चित्रांनी भिंतीवर लावणं. दर तासाला पाच मिनिटं बाहेर फिरून यायची मुभा. यात कंपनीचा खर्च किती? फारसा नाहीच. कायद्यानंही अशा वाजवी सोयी देणं सांगितलंय. सरकारी नोकरीत चार टक्के जागा दिव्यांगांसाठी आहेत आणि त्यातल्या एक टक्क्यात ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, शिकण्यातली विशिष्ट अडचण हे गट येतात. पण नोकरी मिळणं आणि त्या जागी आठ तास टिकणं यात अंतर आहे. ते अंतर ओटी कमी करू शकते.

आणि काम म्हणजे फक्त पगाराचं काम नव्हे. १ जानेवारीला कोरेगावात जयस्तंभाला मानवंदना द्यायला लाखो लोक येतात. अनेक घरांसाठी तो वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस. त्या दिवशी घरातल्या अशा मुलाला किंवा मुलीला बहुतेक वेळा मागे ठेवलं जातं, गर्दी आणि स्पीकर सोसणार नाही म्हणून. थेरपिस्टच्या डोक्यानं विचार केला तर प्रश्न वेगळा पडतो. त्याला तिथं जायचंय का? जायचं असेल तर पहाटे गर्दी वाढायच्या आत जाता येईल का? आधीच्या आठवड्यात दोनदा तो रस्ता चालून दाखवता येईल का? कानाला हेडफोन, हाताला ओळखीचं माणूस, थकल्यावर बसायला ठरवलेली शांत जागा, आणि अर्ध्यातून परत यायची पूर्ण मोकळीक. आपल्या माणसांमध्ये उभं राहता येणं, हेही ऑक्युपेशनच.

खरं-खोटं

एवढं वाचून उद्याच कुणी यूट्यूब बघून अंगणात झोका टांगेल, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात.

पहिली. सेन्सरी इंटिग्रेशन ही जादू नाही. यावरचं बरंचसं संशोधन लहान मुलांवर झालंय. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ मध्ये सांगितलं, की पुरावा अजून मर्यादित आहे, म्हणून पालकांना ते स्पष्ट सांगा आणि एका सर्वसमावेशक योजनेचा भाग म्हणूनच ही थेरपी वापरा. त्यामुळे ऑटिझम बरा करतो असं सांगून वर्षाचे पैसे एकदम मागणाऱ्यापासून लांबच राहिलेलं बरं. चांगला थेरपिस्ट आधी एक छोटं, मोजता येईल असं उद्दिष्ट ठरवतो. उदाहरणार्थ, दोन महिन्यांत एसटीनं एकट्यानं शिकरापूरपर्यंत जाणं. दोन महिन्यांनी फरक पडला नाही, तर पद्धत बदलतो.

दुसरी. प्रत्येकाचं शरीर वेगळं. एकाला झोका शांत करतो, दुसऱ्याला त्यानं उलटी होते. फिट येणाऱ्याला गरगर फिरवणं धोक्याचं ठरू शकतं. एकाला घट्ट मिठी आवडते, दुसऱ्याला नुसता हात लागला तरी चटका बसल्यासारखं वाटतं. म्हणून आधी तपासणी, मग उपाय. आणि तरुण माणूस असेल तर त्याला विचारूनच. बोलता येत नसेल, तर चित्रं, खुणा, मोबाइल, जे जमेल त्यातून विचारायचं. वीस वर्षांचा माणूस हा वीस वर्षांचाच असतो. त्याच्याशी चार वर्षांच्या बाळासारखं बोलणं ही थेरपी होऊ शकत नाही.

करिअर म्हणूनही बघा

तुमच्यापैकी कुणी बारावी सायन्सला असाल, तर आणखी एक. मेडिकलचा कटऑफ हुकला की सगळं संपलं असं वाटणाऱ्यांना ओटी हा कोर्स माहीतही नसतो. केईएमचं ते १९५० चं विद्यालय आजही सुरू आहे आणि नागपूरचंही. २०२१ मध्ये केंद्रानं सहायक आरोग्य व्यवसायांचा जो कायदा केला, त्यात हा व्यवसाय मोडतो. आपल्या तालुक्यांतल्या घरांना यासाठी पुण्याच्या फेऱ्या माराव्या लागतात. एका फेरीत आईचा दिवसाचा रोज बुडतो. शिरूर किंवा दौंडचंच एखादं पोरगं-पोरगी शिकून परत आलं, तर किती घरांचा दिवस वाचेल याचा हिशेब करा.

कमलाबाईंनी हाच हिशेब केला होता. गरज इथं आहे, विद्या तिकडे आहे, मग जाऊन घेऊन यायची. वय बघायचं नाही.

संघटनेच्या वार्षिक परिषदेत आजही त्यांच्या नावानं पुरस्कार दिला जातो. फलटणची शाळा १९८६ मध्ये मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेनं काढली. त्याही जन्मानं अमेरिकन, आणि फलटणच्याच होऊन राहिलेल्या. शाळेला नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी निवडलं ते कमलाबाईंचं.

कमलाबाईंचं खरं स्मारक मात्र पाटीवर नाही. कुणा वीस वर्षांच्या मुलानं आज पहिल्यांदा स्वतःच्या शर्टाची बटणं स्वतः लावली असतील, कुणी मुलगी कानाला हेडफोन लावून पहिल्यांदा बाजाराला जाऊन आली असेल. त्यांना कमला निंबकर हे नाव माहीत असायची गरज नाही. तुमच्या घरात, गल्लीत, आळीत असं कुणी अठरा उलटलेलं बसून असेल, तर त्याच्या घरच्यांना एवढंच सांगा, की उशीर झालेला नाही. आणि मग त्यालाच विचारा, तुला काय करायला आवडेल? ओटीची सुरुवात याच प्रश्नापासून होते.